घरच्या गॅरेजात जुनी मिनी: गंजापासून टर्बोपर्यंत

जुन्या मिनीला, म्हणजे त्या छोट्या ब्रिटिश गाडीला, टर्बो बसवायचं ठरलं की बहुतेक जण थेट बॉनेट उघडतात. कामाचा क्रम तिथेच चुकतो. टर्बो ही शेवटची पायरी आहे. आधी पत्रा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन. ते इंजिन टर्बोशिवाय हजारेक किलोमीटर विनातक्रार पळालं, की मगच टर्बो. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, मिळताच गाडीतली सगळी जुनी दुखणी उफाळून येतात. अर्धी झिजलेली पिस्टन रिंग, सैल अर्थिंग, फुगलेला ब्रेक होज, या गोष्टी साध्या इंजिनावर वर्षानुवर्षं निभावतात. बूस्टवर त्या एका संध्याकाळीत उघड्या पडतात.

शिकायला मिनीसारखी गाडी नाही. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ही रचना बाजारात आली आणि २००० पर्यंत तिचं उत्पादन चालू राहिलं. पन्नास लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग, मॅन्युअल आणि जाणकार माणसं यांची ददात नाही. टर्बोच्या बाबतीत तर खुद्द कारखान्यानेच वाट घालून दिली आहे. १९८२ ची एमजी मेट्रो टर्बो मिनीच्याच ए-सिरीज इंजिनावर होती. १२७५ सीसी, गॅरेटचा टी३ टर्बो आणि ९३ अश्वशक्ती. तेच इंजिन पुढे १९८९ च्या ईआरए मिनी टर्बोत आलं. पहिल्या ८४८ सीसी मिनीची ताकद ३४ अश्वशक्ती होती, हे लक्षात घेतलं की ९३ चा आकडा या हलक्या गाडीत काय करतो ते कळेल. पहिल्या प्रकल्पात यापुढे जायचा मोह धरू नका.

गाडी निवडताना

इंजिन बिघडलेलं चालेल, पण सांगाडा कुजलेला नको. इंजिन टेबलावर काढून दुरुस्त होतं, वाकडी बॉडी मात्र घरी सरळ करणं फार कठीण. मिनी कुठे कुजते ते ठरलेलं आहे: दोन्ही सिल (दरवाजांखालच्या लांब पोकळ पट्ट्या), फ्लोअरच्या कडा, विंडस्क्रीनखालची स्कटल पट्टी, पुढच्या विंगमागचे ए-पॅनल, डिकीतला बॅटरी बॉक्स आणि मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारी लोखंडी चौकट). शेवटच्या दोन जागा गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून गाडी बघायला जाताना जुने कपडे आणि टॉर्च बरोबर हवाच.

सिलची रुंदी नीट बघा. खालून पाहिल्यावर सिल फार रुंद आणि अगदी गुळगुळीत दिसली, तर जुन्या कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा दुहेरी सिलमध्ये पाणी साचतं आणि आतला पत्रा पिठासारखा होतो. पेचकसाच्या दांड्याने ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टी भरलेला बद्द आवाज देतो. चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला तर पुट्टीच्या जागी तो चिकटत नाही.

इंजिनाचा क्रमांक आणि चासी क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा. इंजिन बदलणं आणि ताकद वाढवणं या दोन्ही गोष्टी नोंदणी आणि विम्यात कळवाव्या लागतात का, हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.

खोलताना

फोटो काढा, भरपूर काढा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर पक्क्या शाईने लिहा. 'पुढचा डावा वरचा आर्म' असं पूर्ण लिहा, नुसतं 'आर्म' नको. सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवणार नाही. खराब झालेला भागही लगेच टाकू नका, नवा आल्यावर शेजारी ठेवून तुलना करा आणि मगच फेका.

सुरक्षेच्या काही गोष्टींत तडजोड नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, चांगल्या वजनाचे स्टँड लावा आणि गाडी हलवून बघा. जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केट यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी पूर्ण बाहेर काढून दूर ठेवा आणि हाताशी आग विझवायचं सिलिंडर असू द्या.

पत्रा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. पुढची आणि मागची सबफ्रेम तिला बोल्टने जोडलेली असते. त्यामुळे सिल कापली की गाडी मधोमध खचू शकते. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवी आणि तिरकी लोखंडी पट्टी टाके मारून बसवा. दरवाजा लावून त्याच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापायची. नवी सिल वेल्ड करताना दर थोड्या वेळाने दरवाजा लावून पाहायचा. फट बदलली तर तिथेच थांबून कारण शोधायचं.

नवशिक्यासाठी मिग वेल्डर, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारा, उत्तम. बॉडीचा पत्रा मिलिमीटरच्या आतबाहेरचाच असतो, म्हणून ०.६ मिमीची वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्र गॅस वापरा. लांबलचक सलग वेल्ड मारला तर पत्रा तापून लाटांसारखा वाकतो. एक टाका इकडे, एक हातभर लांब, मग परत मधे, असं करत टाक्यांच्या मधल्या जागा भरत जायचं. गाडीवर हात लावण्याआधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव करा. वेल्ड केलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. वेल्ड सुटला तर करंट कमी पडतोय, पत्रा फाटला आणि वेल्ड जागेवर राहिला तर तुमचा हात बसला. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर विषारी असतो, तिथला मुलामा आधी घासून काढा आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा.

गंजावर नुसता रंग मारून चालत नाही. गंज कापून काढायचा, चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं आणि तिथून नवा तुकडा जोडायचा. जोडावर एपॉक्सी प्रायमर, सांध्यात सीम सीलर आणि सिलच्या पोकळीत शेवटी कॅव्हिटी वॅक्स. सिलच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. सीलर आणि वॅक्सने ती बुजली नाहीत ना, हे तारेने टोचून बघा.

मागची सबफ्रेम कुजली असेल तर ठिगळ न लावता नवी घ्या. मागची चाकं तिच्यावर असतात आणि ती काढा-घालायला अवघड नाही, फक्त बॉडीतले जुने बोल्ट तुटतात. दोन दिवस आधीपासून त्यांवर गंज सुटायचं तेल मारत राहा.

रंगाचं एकच सांगतो: टू-पॅक रंगात, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगात, आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर तयारी घरी करा आणि रंग पेंटरकडून मारून घ्या.

ब्रेक आणि सस्पेन्शन

बरीच वर्षं मिनीला चारही चाकांना ड्रम होते. १९८४ मध्ये १२ इंची चाकांबरोबर सगळ्या मॉडेलना पुढे ८.४ इंची डिस्क मिळाल्या. टर्बोची गाडी करायची तर पुढे डिस्क हव्यातच. मेट्रो टर्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि हवा खेळणाऱ्या डिस्क १२ इंची चाकांच्या मिनीवर बसवायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. रबरी होज आणि व्हील सिलिंडर सगळे नवे, लोखंडी पाइपांच्या जागी तांबे-निकेलचे पाइप, आणि मास्टर सिलिंडर दुहेरी सर्किटचा. जुन्या सिंगल सर्किटमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

मिनीत स्प्रिंगच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबर कोन आहेत. वर्षानुवर्षं दबून ते बसतात आणि गाडी खाली झुकते. चाळीस वर्षांचे कोन तपासत बसू नका, चारही बदला. पुढचा कोन सोडवायला खास दाबपट्टीचं साधन लागतं, ते भाड्याने मिळालं तर आणा. कोन दाबलेला असताना आर्म सोडला तर तो हाताचं हाड मोडेल इतक्या जोराने सुटतो.

वायरिंगमध्ये एक सापळा आहे. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच मिनी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पंप किंवा लॅम्बडा मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) जोडण्याआधी गाडी निगेटिव्ह अर्थला बदलून घ्या, नाहीतर नवा माल पहिल्याच चावीला जळेल. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी नवी टाका. ती खराब असली की स्टार्टरचा करंट क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट शोधतो.

इंजिन

ए-सिरीजचे दोन स्वभाव आधी समजून घ्या. पहिला: मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, सम्पमध्येच (तळाच्या तेलाच्या टाकीत) आहे आणि दोघांचं तेल एकच. गिअरचा चुरा, क्लचची धूळ, इंजिनाची काजळी, सगळं त्याच तेलात. त्यात आता टर्बोही तेच तेल पिणार. दुसरा: हेडला पाचच पोर्ट, म्हणजे मिश्रण आत आणि जळलेला वायू बाहेर जायच्या वाटा, आहेत. १ आणि २ नंबरचा इनलेट एकत्र, ३ आणि ४ चा एकत्र, आणि मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकत्र. १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमध्ये (सिलिंडर पेटण्याच्या क्रमात) शेजारचे दोन सिलिंडर एकाच पोर्टातून पाठोपाठ ओढतात, त्यामुळे मिश्रण सारखं वाटलं जात नाही. फ्युएल इंजेक्शन या हेडवर नीट बसवणं त्यामुळेच किचकट आहे. पहिल्या प्रकल्पाला कार्ब्युरेटरच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन सबफ्रेमसकट खालून काढलं तर काम सोपं होतं. फ्लायव्हील काढताना एक बारकावा जपा. ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं आणि पुलरशिवाय येत नाही. पुलर लावण्याआधी १ आणि ४ नंबरचे पिस्टन वरच्या टोकाला आणून क्रँकच्या टोकाची खाच आडवी करा. आत प्रायमरी गिअरपाशी इंग्रजी सी अक्षरासारखा वॉशर असतो. खाच उभी राहिली तर तो घसरून मागे अडकतो आणि मग कितीही ओढलं तरी फ्लायव्हील हलत नाही. फ्लायव्हील सुटतं तेव्हा मोठा आवाज होऊन ते झटक्यात येतं, म्हणून मधला बोल्ट पूर्ण न काढता काही आटे सैल करून तसाच ठेवा.

बोअर, क्रँक आणि पिस्टन मोजून घ्या. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. १२७५ चा मूळ बोअर ७०.६ मिमी आणि स्ट्रोक ८१.२८ मिमी. अंडाकृती किंवा निमुळता झालेला बोअर मशीन शॉपला द्या. क्रँक जर्नल, बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर यांत काटकसर करू नका. रिंगांची फट टर्बोसाठी थोडी जास्त लागते, कारण बूस्टवर रिंग जास्त तापून फुगते. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली तर रिंग बोअर खरवडते आणि पिस्टनचा काठ तोडते. साध्या इंजिनाला या बोअरसाठी साधारण ०.२८ मिमी धरतात, टर्बोला ०.३५ च्या आसपास. पिस्टन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

आता कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते. इथे अंदाज चालत नाही, मोजायचंच. एका सिलिंडरचं विस्थापन ३१८ सीसी. पिस्टन वरच्या टोकाला असताना उरलेली जागा किती, यावर रेशो ठरतो. हेडच्या चेंबरवर भोक पाडलेला काचेसारखा प्लास्टिकचा तुकडा ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटने पातळ तेल सोडून चेंबर किती सीसीचा आहे ते मोजा. समजा चेंबर २१.५, पिस्टनच्या डोक्यावरची वाटी ८, गॅस्केट ४ आणि पिस्टन डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापासून) जितका खाली राहतो त्याचे १.५ सीसी. बेरीज ३५. ३१८ ला ३५ ने भागून त्यात एक मिळवा: १०.१. साध्या पेट्रोलवर टर्बोला हा रेशो फार जास्त आहे. ८.५ हवा असेल तर उरलेली जागा ४२.४ सीसी लागेल, म्हणजे सात-साडेसात सीसी वाढवायचे. ते खोल वाटीच्या पिस्टनने वाढवा. जाड किंवा दोन गॅस्केट घालून रेशो खाली आणायची युक्ती टाळा, कारण बूस्टवर सगळ्यात आधी तीच जागा फुटते.

मेट्रो टर्बोचा रेशो ९.४ होता हे खरं, पण ते इंजिन कारखान्याने बेतलेलं होतं आणि त्या काळच्या शिसेयुक्त उच्च ऑक्टेन पेट्रोलवर चालायचं. घरच्या पहिल्या इंजिनाला ८.५ च्या आसपास राहिलात तर चूक पोटात घालायला थोडी जागा राहते.

हेड मशीनवर सपाट करून घ्या. शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवा, नाहीतर जुन्या मऊ सीटमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू रुततो. मेट्रो टर्बोत सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होते, त्यावरून तिथल्या उष्णतेची कल्पना यावी. स्टड नवे घाला, आटे स्वच्छ ठेवा आणि टॉर्क मॅन्युअलच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने द्या. कॅमशाफ्ट सौम्यच ठेवा. रेसिंगच्या कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट बराच वेळ एकत्र उघडे राहतात आणि बूस्टची हवा सरळ सायलेन्सरकडे निघून जाते.

हे इंजिन आधी साधं चालवा. तेल सुरुवातीला पाचशे किलोमीटरला बदला. हजारेक किलोमीटर झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. गाडी ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर आत्ताच उपाय करा. १९९६ पूर्वीच्या मिनीचा रेडिएटर चाकाच्या बाजूला तोंड करून बसलेला असतो आणि गरम हवा तिकडेच फेकतो. टर्बोसाठी चांगल्या गाभ्याचा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा लागेलच, तेलाचा कूलरही लावून टाका.

टर्बो

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन पंखाचक्रं. एक जळून बाहेर जाणाऱ्या वायूवर फिरतं, दुसरं ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. टर्बोचं आयुष्य त्या तेलावर आहे.

दाबाचं गणित सोपं आहे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). त्यावर ७ पीएसआय बूस्ट म्हणजे २१.७, जवळजवळ दीडपट. ताकदही दीडपट होईल असं वाटतं, पण साध्या एमजी मेट्रोची ७२ अश्वशक्ती टर्बोत ९३ झाली, म्हणजे सव्वापटीच्या थोडी वर. दाबलेली हवा तापते, म्हणून हा फरक पडतो. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे घडतं. बाहेर ३० अंश असताना ७ पीएसआयला दाबलेली हवा, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, ८० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ असते आणि शिवाय नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याला, आमंत्रण देते. ही हवा थंड करणारा इंटरकूलर त्यासाठीच. मिनीत जागा कमी, तरी पुढच्या ग्रिलमागे छोटा इंटरकूलर बसवता येतो. थोडा दाब त्यात खर्च होतो, तो होऊ द्या.

टर्बो इंजिन आणि बल्कहेडच्या (इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) मध्ये येतो. कार्ब्युरेटरची जागाही तिथेच, त्यामुळे बरेचदा बल्कहेड कापून तिथे पत्र्याची पेटी वेल्ड करावी लागते. पत्र्याचं काम आधी करायचं म्हटलं ते यासाठीही. ब्रेकचे पाइप, क्लचची नळी आणि वायरिंग टर्बोपासून दूर वळवा, मध्ये उष्णतारोधक पत्रा द्या आणि पत्रा व बल्कहेड यांत हवा खेळेल इतकी फट ठेवा.

टर्बोला तेल देणारा पाइप बारीक आणि दाबाचा, परत आणणारा मात्र जाड हवा. परतीचं तेल नुसतं उतारावर वाहतं, त्यामागे दाब नसतो. त्या पाइपाला कुठेही वर चढ नको, चिमटा नको, आणि त्याचं तोंड सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वरच उघडलं पाहिजे. परतीचं तेल तुंबलं की ते टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं आणि निळा धूर निघतो. बरेच जण तेव्हा टर्बो खराब म्हणून बदलतात, दोष असतो पाइपात.

पेट्रोलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. टर्बोची हवा कार्ब्युरेटरमधून ढकलायची, मेट्रोसारखी, तर कार्ब्युरेटरवरच बूस्टचा दाब येतो. फ्लोट बाउलमध्येही (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या वाटीतही) तोच दाब द्यावा लागतो, नाहीतर जेटमधून पेट्रोल उलटं रेटलं जातं. थ्रॉटलच्या दांड्याला सील लागतात. पंपाला साध्या दाबावर बूस्टचीही भर घालावी लागते: मूळ ३ पीएसआय अधिक ७, म्हणजे १०. जुना कार्ब्युरेटरचा पंप इथे हात टेकतो. इंजेक्शनचा पंप आणि बूस्टच्या प्रमाणात दाब वाढवणारा रेग्युलेटर लावा. पेट्रोल लागेल किती? १०० अश्वशक्तीला भर दाबात तासाला साधारण ३६ लिटर. पंप १० पीएसआयवर इतकं देतो का, हे गाडीबाहेर मोजपात्रात सोडून, घड्याळ लावून पाहा. नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या, एसएई जे३० आर९ दर्जाच्याच घ्या. जुन्या रबराला इथेनॉल खातं आणि खालीच टर्बो लालभडक असतो.

इग्निशनचा नियम असा की बूस्ट वाढला की स्पार्क उशिरा द्यायचा. प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश उशीर ही सुरुवातीची ढोबळ मोजणी, पुढचं ट्यूनिंगवर. साध्या डिस्ट्रिब्युटरला बूस्ट कळतच नाही, म्हणून टर्बोचा डिस्ट्रिब्युटर किंवा बूस्ट ओळखणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवं. प्लग एक पायरी थंड घ्या: एनजीकेचा बीपी६ईएस असेल तर बीपी७ईएस, फट ०.६ मिमीच्या आसपास.

बूस्टवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ ठेवा, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला तितके भाग हवा. हे मोजायला वाइडबँड लॅम्बडा मीटर लागतोच. पैसे कमी असतील तर चकचकीत चाकं पुढे ढकला, हा मीटर नको.

वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी आणि बूस्टला मर्यादा घालणारी झडप, ७ पीएसआयला पक्का बांधा. मेट्रो टर्बोत कमी आरपीएमला बूस्ट मुद्दाम कमी ठेवला होता, कारण सम्पमधला गिअरबॉक्स अचानक आलेला टॉर्क झेलत नाही. तुमचाही गिअरबॉक्स तोच आहे. खालच्या आरपीएमला वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबणं टाळा.

पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

टर्बोत तेल हाताने ओता. इग्निशनची वायर काढून स्टार्टर मारत राहा, परतीच्या पाइपातून तेल येताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यानंतरच वायर जोडा. स्टार्ट झाल्यावर रेस न करता तेल, पाणी, पेट्रोल कुठे गळतंय का ते टॉर्चने बघा.

पहिल्या फेऱ्या वेस्टगेटच्या कमीत कमी बूस्टवर, शक्य असेल तर ४ पीएसआयला. शेजारी कोणीतरी बसवा. मीटर वाचायचं काम त्याचं, रस्ता बघायचं तुमचं. डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) मिळत असेल तर रस्त्यापेक्षा तेच बरं. बूस्टवर मीटर १३ च्या वर जायला लागला, किंवा डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट आला, तर त्याच क्षणी पाय उचला. तो आवाज म्हणजे नॉकिंग. बूस्टवर थोडंसं नॉकिंगही पिस्टनच्या रिंगांमधली धार मोडतं.

प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून भिंगातून पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके किंवा मिऱ्याएवढे काळे कण दिसले तर तुमचा पिस्टन वितळून तिथे येतोय. बूस्ट कमी करा, स्पार्क उशिरा करा, पेट्रोल वाढवा. कारण सापडेपर्यंत गाडी हलवू नका. चिनीमाती फिकट तपकिरी आणि स्वच्छ असेल तर अर्धा-अर्धा पीएसआय करत वर जा. चारही प्लगांचे रंग तुलना करून बघा. जोडपोर्टांमुळे या हेडवर सिलिंडरा-सिलिंडरांत फरक पडतो, आणि ट्यूनिंग सगळ्यात कोरड्या, म्हणजे सगळ्यात कमी पेट्रोल मिळणाऱ्या, सिलिंडरला धरून करायचं असतं.

जोरात चालवल्यावर लगेच बंद करू नका. मिनिटभर आयडलवर ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून बेअरिंगवर कोळसा धरतं. २०डब्ल्यू-५० तेल आणि फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला बदला, जास्त चालत नसेल तरी वर्षातून एकदा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा येईल, तो गिअरबॉक्सचा नेहमीचा आहे. हाताला टोचणारा तुकडा आला तर गिअरबॉक्स उघडायचा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट, टर्बोचे नट आणि नळ्यांचे क्लँप थंड इंजिनावर पुन्हा आवळा. उष्णतेने ते हमखास सैल होतात, आणि मॅनिफोल्डची गळती सुरू झाली की बूस्ट उशिरा येतो.